छबूचा होकार

“...ते सगळं नंतर. आधी मला सांगा, हिचे केस कुठं गेले?”

सिद्रामबुवा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणत बसले होते. हातातला धोटा त्यांनी पलीकडं सारला आणि मग वर पाहिलं.

“कापलं,” ते म्हणाले.

“कुणी?”

“तुळसानं.”

“कुणाच्या हुकमावरून?”

बुवांनी थोडा विचार केला. “हुकूम तसा छबूचाच हुता.”

श्रीरंग खळदकर हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं. शाळामास्तरकीत बत्तीस वर्षं घालवलेला माणूस. काच कुणी फोडली म्हटल्यावर ‘सर, चेंडूनं’ असं सांगणारी पोरं त्यांनी ढिगानं पाहिली होती.

“छबूचा हुकूम,” ते म्हणाले. “जिला जन्मात एक शब्द बोलता आला नाही, तिचा हुकूम.”

“व्हय.”

“बुवा, मी म्हातारा झालो असेन. मूर्ख झालेलो नाही.”

“बसा. पानी घ्या.”

मास्तर बसले नाहीत. पाणीही घेतलं नाही. पाणी घेतलं की माणूस पाहुणा होतो, आणि आज त्यांना पाहुणं व्हायचं नव्हतं.

छबू ही मास्तरांची धाकटी बहीण. वय पंचेचाळीस. बोलणं नाही, आणि समज चार-पाच वर्षांच्या लेकराएवढी, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी कधीतरी सांगितलेलं आणि घरानं मान्य करून टाकलेलं. आई होती तोवर आईनं सांभाळलं. आई गेली तेव्हा मास्तरांची बदली लांबच्या गावी, आणि बायको संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. चार वर्षांपूर्वी त्यांनी छबूला लोणारखिंडीतल्या या मठात आणून ठेवलं.

मठ म्हणायचा एवढंच. तीन खोल्या, एक पडवी, एक विहीर आणि घोंगड्यांचा माग. कुणाच्या घरात मावली नाहीत अशी सहा माणसं बुवांकडं राहत. सगळी मिळून लोकर निवडत, पिंजत, सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजवत. त्यांतल्या चौघांना बोलता येत नव्हतं.

मास्तर दर दिवाळीला येत. आधी पत्र टाकून येत. छबू नवी साडी नेसून, वेणी घालून पडवीत बसलेली असे. मास्तर विचारीत, “छबू, बरी आहेस ना?” छबू हसून मान हलवी. मास्तर फराळाचा डबा ठेवून समाधानानं परत जात.

गेल्या आठवड्यात मात्र एक मेंढपाळ बाजारात भेटला. लोकर द्यायला तो मठात जाऊन आला होता. म्हणाला, “मास्तर, तुमच्या भैनीची येनी जाग्याव न्हाई वो.”

झालं. मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती गप्प बसेना. बाईमाणसाचे केस कोण कापतं? आणि कशासाठी? उवा पडल्या, की कुठल्या देवाला वाहिले, की विकले? भलतंसलतं काही... त्यापुढचं त्यांनी मनातही पुरं केलं नाही.

यंदा त्यांनी पत्र टाकलं नाही. जीप खिंडीच्या अलीकडं चिंचेखाली उभी केली आणि दीड मैल उन्हातून चालत ऐन दुपारी मठात शिरले. चोर धरायचा तर चोराला वर्दी देऊन चालत नाही.

छबू पडवीतच होती. मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन कुसळं वेचत होती. केस मानेपर्यंत कापलेले. आणि कोपराच्या वर रुपयाएवढा निळा डाग. तो डाग पाहून मास्तरांना आधी रडू आलं आणि मग राग आला. रागच सोयीचा होता, म्हणून त्यांनी तो धरून ठेवला.

तुळसा हात पुसत चुलीपासून उठून आली. मठातला स्वयंपाक तिच्याकडं. पन्नाशीची, चेहऱ्यानं कडक बाई.

“येनी म्या कापली, मास्तर. बुवास्नी काय बोलू नगा.”

“का कापलीस?”

“म्या रोज सकाळी फनी घिऊन तिच्या मागं बसायची. ती गप बसायची. डोळं मिटून. मला वाटायचं, किती शानी हाय. एक दिस बुवा बगत हुते. म्हनले, तुळसा, ही डोळं का मिटून घेतीया?”

“बरं, मग?”

“मंग बुवा म्हनले, उद्यापास्नं फनी तिच्याम्होरं ठिवायची आन् आपुन उटून जायचं. तिला पायजे आसंल तर ती आनून दील.”

“आणि?”

“अकरा दिस आनली न्हाई. डोस्क्याचं पार घरटं झालं. बाराव्या दिशी म्याच फनी घिऊन गेले, तर तिनं ती हिसकावली आन् हिरीत टाकली. मंग म्या त्यो गुंता कापूनच टाकला.” तुळसाच्या कडक तोंडावर एकाएकी हसू पसरलं. “त्या दिशी शिरा केला आमी.”

“शिरा?”

“हितं कुनी पयल्यांदा न्हाई म्हनलं की शिरा करत्यात.”

फणी विहिरीत टाकली म्हणून शिरा! मास्तरांनी एकदा तुळसाकडं आणि एकदा बुवांकडं पाहिलं. दोघांनी मिळून ही गोष्ट आधीच ठरवून ठेवली असली पाहिजे. इतकी विचित्र गोष्ट सहज कुणाला सुचत नाही. पण मग वाटलं, थाप मारायचीच तर माणूस पटेल अशी तरी मारतो.

ती वेणी आईनं चाळीस वर्षं घातली होती. जास्वंद घालून उकळलेलं तेल, मग फणी, मग कमरेच्या खाली जाणारी तिपेडी वेणी. आल्यागेल्या बायका म्हणत, केस देताना मात्र देवानं हात आखडला नाही. छबूबद्दल चारचौघांत अभिमानानं सांगावी अशी घरात तेवढीच एक गोष्ट होती.

“माझ्या आईपुढं ती चाळीस वर्षं बसली,” मास्तर म्हणाले. “एकदासुद्धा तक्रार नाही.”

“डोळं मिटत हुती का?” बुवांनी विचारलं.



मास्तरांना आठवेना. खरं तर त्यांनी पाहिलंच नव्हतं. वेणी घालून झाल्यावरची छबू तेवढी त्यांच्या ओळखीची होती.

“विषय बदलू नका,” ते म्हणाले. मग छबूचं मनगट धरून त्यांनी तिचा हात वर केला. “हे काय आहे?”

“पडली आसंल.”

“असेल?”

“म्या बगितलं न्हाई. कुनी ढकललं बी आसंल. हितं कोन संत लागून गेलाय?”

निरपराध माणूस शपथ घेतो. अपराधी त्याहून मोठ्यानं घेतो. बुवांनी दोन्हींतलं काही केलं नाही, तेव्हा मास्तरांची शंका दुणावली. इथं नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटलं.

आता मास्तरांचा एक अभिमान सांगितला पाहिजे. छबूचं मन आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री होती. शाळेत, लग्नकार्यात, पारावर, कुठंही विषय निघाला की ते सांगत, “जगाला ती मुकी. मला नाही. मी विचारतो आणि ती सांगते.” लोक हळहळत, मास्तरांच्या मायेचं कौतुक करत. मास्तरांनाही ते कौतुक गोड लागे.

ते छबूसमोर उकिडवे बसले. तिच्या डोळ्यांत डोळे घातले.

“छबू. घाबरू नकोस. मी आहे ना? तुला इथं कुणी मारलं का?”

छबूनं हसून मान हलवली. हो.

“या बुवांनी मारलं?”

हो.

मास्तर उठून उभे राहिले. गुडघे कुरकुरले, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

“ऐकलंत?”

“ऐकलं,” बुवा म्हणाले.

“आता मी सरळ पोलिसांत गेलो तर?”

“जावा. बहीन मार खातीया म्हनल्यावर जायलाच पायजे.”

हा नवाच प्रकार होता. मास्तरांना वाटलं होतं, बुवा हातापाया पडतील, नाहीतर अंगावर येतील. बुवा मागाच्या खड्ड्यातून हळूच वर आले. कमरेवर हात ठेवून थोडे थांबले आणि छबूच्या पुढ्यात येऊन बसले.

“छबे, मास्तरांनी तुला मारलं का गं?”

छबूनं मान हलवली. हो. तीच मान, तेच हसू.

“आन् त्या समोरच्या डोंगरानं?”

छबूनं डोंगराकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

हो.

...

तुळसा खाली बघत पदराचं टोक पिळत राहिली.

डोंगरानं मारलं ही गोष्ट खोटी, हे शेंबडं पोरही सांगेल. बुवांनी मारलं ही खरी की खोटी, कळायला मार्ग नव्हता. पण मधली...

मास्तर तेव्हा वीस वर्षांचे होते. परीक्षा दुसऱ्या दिवसावर आलेली. सात वर्षांच्या छबूनं त्यांच्या लिहून काढलेल्या वहीवर शाईची दौत उपडी केली. आई देवळात गेली होती. मास्तरांनी छबूच्या कानाखाली एक ठेवून दिली. ती भिंतीवर आपटली, पण रडली नाही. मग त्यांचीच गाळण उडाली. तिच्यापुढं बसून त्यांनी विचारलं होतं, “छबू, फार नाही ना लागलं? आईला काही कळायला नको, हो ना?” आणि छबूनं हसून मान हलवली होती.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पुढं ते स्वतःही विसरून गेले होते. आज तीन होकारांतला एक तरी खरा होता, आणि तो कुठला हे एकट्या मास्तरांना माहीत होतं. त्यांना छबूची भीती वाटली.

“म्हणजे तिला काही कळत नाही,” ते म्हणाले.

“कळतंय की.”

“मग सगळ्यालाच हो का म्हणते?”

“हो म्हनलं की मानसं निघून जात्यात,” बुवा म्हणाले.

मास्तर आता बसले. पडवीच्या कडेला, छबूपासून हातभर अंतरावर. तुळसानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. या खेपेस त्यांनी तो तोंडाला लावला.

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. “हिच्या होकाराचं?”

“मिठानं.”

“कशानं?”

“पयल्या वर्साची गोष्ट. तुळसा गावाला गेलती. माजा चष्मा फुटलेला. च्या म्याच केला आन् साखरंच्या जागी मीठ घातलं. साऱ्यांस्नी वाटला. सा जनं. सगळ्यांनी पिऊन कप पालथं घातलं. म्या इचारलं, च्या झ्याक झालाय न्हवं? साऱ्यांनी माना हलवल्या. बोलनाऱ्यांनी बी हलवल्या. मला लई बरं वाटलं.” बुवा थांबले. “मंग म्या माजा कप तोंडाला लावला...”

छबूनं लोकरीतून एक काटा काढला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“त्या दिशी म्या जेवलो न्हाई. म्हनलं, ह्यांस्नी मी वरीसभर इचारतोय. भाजी आवडली का? आवडली. झोप लागली का? लागली. हितं बरं वाटतंय का? वाटतंय. आन् गावात छाती काडून सांगतोय, माजी मानसं सुखात हायती. सगळं त्या च्यावानी आसंल तर? तवापास्नं मला मानंचा भरवसा न्हाई.”

“मग तुम्ही करता काय?”

“चुकतो.”

“म्हणजे?”

“मुद्दाम चुकतो. उजव्या पायात डावी चप्पल घालतो. पांगरून घिऊन निजनाऱ्याचं पांगरून वडतो. भाजीत मीठ जास्त घालून ताट ठिवतो आन् वाट बगत बसतो. ढकलतंय का कुनी, बगतो.”

“आणि नाहीच ढकललं तर?”

“तर त्ये ताट म्या खातो.”

तुळसा म्हणाली, “डागदर म्हनतो, बुवांच्या रगताचा दाब वाढलाया त्यो मिठानंच.”

मास्तरांना हसू आलं असतं, पण त्यांनी येऊ दिलं नाही. हा माणूस एकतर फार शहाणा आहे, नाहीतर फार पोहोचलेला लबाड आहे. दोघांची बोलण्याची रीत सारखीच असते, ही पंचाईत.

मग त्यांना एक प्रश्न सुचला. हा प्रश्न बुवांना अडचणीत टाकणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

“मानेचा भरवसा नाही म्हणता. मग छबू इथं सुखी आहे, हे तुम्हाला कसं कळतं?”

“कळत न्हाई.”

“काय?”

“खरंच कळत न्हाई. चार वर्सं झाली. तुळसाची फनी तिनं फेकली. मला एकदा बी न्हाई म्हनली न्हाई. म्या दिलं त्ये खाल्लं, म्या म्हनलं तितं बसली. म्हंजे म्या बी संशयातच हाय की.”

“मग ती इथं दुःखातही असेल.”

“आसंल.”

मास्तर भांडायला आले होते. भांडणासाठी समोर कुणीतरी नाही म्हणणारं लागतं.

“मी तिला न्यायला आलोय,” अखेर ते म्हणाले. “मी आता निवृत्त झालो. घराच्या मागं एक खोली बांधलीय. पूर्वेला खिडकी, भिंतीला पिवळा रंग. दिवसभर सोबतीला एक बाई ठेवलीय. आईनं जाताना माझा हात धरला होता, बुवा. म्हणाली, छबूला परक्याच्या दारात ठेवू नकोस. मी हो म्हटलं आणि चार महिन्यांत इथं आणून सोडलं. चार वर्षं घास घशाखाली उतरत नाही माझ्या. लोकांना वाटतं, मास्तर सुटला. मी सुटलेलो नाही.”

या एका गोष्टीत लबाडी नव्हती. छबूला घरी नेलं नाही तर आईला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं ते मनापासून मानत होते.

“मंग न्या,” बुवा म्हणाले.

“नेऊ?”

“तुमची बहीन हाय. म्या कोन अडवनार? तुळसा, तिचं गठुडं बांद.”

तुळसानं बुवांकडं पाहिलं. मग आत गेली.

आता मात्र मास्तर सावध झाले. चार वर्षं सांभाळलेलं माणूस कुणी असं हातावर ठेवतं का? दार सताड उघडं दिसलं की आत शिरणारा आधी उंबऱ्याखाली बघतो. यात बुवांचा काय डाव असेल, हे ते शोधत राहिले.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?” त्यांनी विचारलं.

“लई वाटतंय. म्या वाळकं लाकूड हाय व्हय? पर माज्या वाटन्याचा तिच्याशी काय संबंद?”

तुळसानं गठुडं आणलं. दोन साड्या, एक चादर आणि बिस्किटांचा एक रिकामा डबा. डब्यात काय आहे ते मास्तरांनी उघडून पाहिलं. सात-आठ गुळगुळीत दगड होते. छबूला दगड आवडतात हे त्यांना माहीत नव्हतं. घरी तिला बाहुल्या आणत.

ते छबूसमोर वाकले.

“छबू, घरी यायचं ना?”

छबूनं हसून मान हलवली.

सवयीनं मास्तरांनी विजयी मुद्रेनं बुवांकडं पाहिलं. पण ती मुद्रा टिकेना. इतकी वर्षं ज्या मानेवर ते निवांत झोपत आले होते, ती मान या म्हाताऱ्यानं तासाभरात निकामी करून टाकली होती. मास्तरांना त्याचा भयंकर राग आला. माणसाला घरी न्यायलासुद्धा आता मन खात राहावं म्हणजे काय!

“चल,” ते जरा जोरातच म्हणाले आणि त्यांनी छबूचं मनगट धरलं.

मनगटच धरायचं, बोटं धरायची नाहीत, हे आईनं शिकवलेलं. बोटं सुटतात. रस्त्यात, बाजारात, जत्रेत छबू अशीच चालायची. आई पुढं, मनगट आईच्या मुठीत आणि छबू अर्धं पाऊल मागं.

आजही ती तशीच निघाली. पडवी उतरली. विहीर ओलांडली. मास्तर एका हातात गठुडं आणि दुसऱ्या हातात छबू घेऊन चालले होते. मागं वळून पाहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बुवा काही बोलतील, हाक मारतील, म्हणून त्यांचे कान मात्र मागंच होते. मागून कुणी हाक मारली नाही.

निवडुंगाच्या कुंपणातली वाट आली. तिथं छबू थांबली.

“चल गं. पलीकडं जीप उभी आहे.”

छबू जागची हलली नाही.

“छबू, चल.” मास्तरांनी मनगट ओढलं.

मुठीत तिचा हात वळला. आधी हळू, मग जोरानं. मास्तरांनी पकड घट्ट केली. तिनं हात मागं खेचला. त्यांनी पुढं खेचला. गठुडं सुटलं, डबा उघडला आणि दगड वाटेवर विखुरले.

“हट्ट करायचा नाही!” मास्तर ओरडले. त्यांचा शाळेतला आवाज होता तो.

छबूच्या घशातून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हता, हसण्याचाही नव्हता. मास्तरांनी पंचेचाळीस वर्षांत असा आवाज तिच्याकडून ऐकला नव्हता. तिनं मोकळा तळहात त्यांच्या छातीवर ठेवला आणि सगळा भार देऊन ढकललं.

मास्तर मातीत बसले. चष्मा कुठंतरी उडाला.

त्यांना वाटलं, आता ती पळेल. पण छबू पळाली नाही. मनगट चोळत तिथंच उभी राहिली आणि त्यांच्याकडं पाहत राहिली. चष्म्याशिवायही मास्तरांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हसू नसलेली छबू त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती. ती एक प्रौढ बाई होती. आईसारखी दिसत होती.

बुवा सावकाश चालत आले. त्यांनी मातीतून चष्मा उचलला आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसू लागले.

“बघितलंत?” मास्तर म्हणाले. “घरी असं कधी केलं नाही तिनं. कधीच नाही! तुम्ही शिकवलंत हे तिला.”

“म्या?”

“तुम्हीच. तुमच्या त्या मिठानं आणि चपलांनी. माझी बहीण माझ्यावर उलटवलीत तुम्ही!”

बुवा काचा पुसत राहिले.

“मी काय वाईट केलं होतं तिचं?” मास्तरांचा आवाज फाटला. तुळसा कुंपणाशी उभी होती, तिच्यादेखत निवृत्त मुख्याध्यापक श्रीरंग खळदकर मातीत बसून रडायला लागले. “खोली बांधली. पिवळा रंग दिला. आईला शब्द दिलाय मी... आता काय करू? बुवा, ती येत नाही म्हणते माझ्याबरोबर. नाही म्हणते ती मला...”

छबू अजून तिथंच उभी होती. मास्तरांवरची नजर तिनं काढली नव्हती.

बुवांनी चष्मा मास्तरांच्या हातात ठेवला.

“माज्याकडं काय बगताय, मास्तर?” ते म्हणाले. “ती बोलली तुमच्याशी. उत्तर द्या तिला.”